नदी पुनरुज्जीवन व मत्स्यसंवर्धन : प्रकल्प व्यवस्थापकपदासाठी अर्ज करताना

नदीचे पुनरुज्जीवन म्हटले की मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे आणि नवे घाट यांचेच चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर येते. गंगेच्या खोऱ्यात मात्र जलचरांचे संवर्धन हाही या कामाचा घोषित भाग असून, त्यातून प्रकल्प सहयोगी, प्रकल्प शास्त्रज्ञ आणि प्रकल्प व्यवस्थापक अशा पदांच्या जाहिराती प्रसिद्ध होत असतात. मत्स्यशास्त्र, प्राणिशास्त्र, जलविज्ञान किंवा पर्यावरणशास्त्र या विषयांच्या पदवीधरांना हे क्षेत्र खुले आहे. परंतु अर्ज करणाऱ्यांपैकी अनेकांना या कामाचे खरे स्वरूप मुलाखतीच्या दालनातच प्रथम कळते.

गंगेसाठीच्या प्रकल्पांचे सूत्रसंचालन राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियान ही संस्था करते. २०११ मध्ये तिची नोंदणी झाली आणि २०१६ च्या आदेशान्वये तिला प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. नमामि गंगे कार्यक्रमास मे २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २० हजार कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यानंतरचा दुसरा टप्पा २२,५०० कोटी रुपयांचा असून तो मार्च २०२६ पर्यंतच्या मुदतीसाठी मंजूर करण्यात आला होता. माशांसंबंधीचे काम प्रामुख्याने कोलकात्याजवळील बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेकडे, तर एकूण जैवविविधतेचे काम डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे सोपविण्यात आले. साहजिकच जाहिराती या संस्थांच्या संकेतस्थळांवर अधिक आढळतात. ‘रोजगार समाचार’ साप्ताहिकावरही लक्ष ठेवावे.

जाहिरात वाचताना शैक्षणिक अर्हतेच्या आधी सेवाशर्ती वाचाव्यात. बहुतेक पदे कंत्राटी असतात, त्यांची मुदत प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेली असते आणि नियमित नेमणुकीवर कोणताही हक्क राहणार नाही, असे स्पष्ट नमूद केलेले असते. थेट मुलाखतीस येण्याजाण्याचा खर्चही अनेकदा उमेदवारालाच करावा लागतो. नागपूर किंवा रत्नागिरीहून बराकपूरला जाऊ पाहणाऱ्याने हा हिशेब आधी मांडलेला बरा.

मराठी विद्यार्थ्यांना पदवीसाठी रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथील मत्स्य महाविद्यालये, तर पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था जवळच्या आहेत. पदवी ही केवळ प्रवेशाची अट होय. व्यवस्थापक निवडताना परीक्षा होते ती उमेदवार नदी कशी पाहतो याची.

यासाठी फराक्का बंधाऱ्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हुगळीत पाणी वळवून कोलकाता बंदर वाहते ठेवण्यासाठी बांधलेला हा बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला. समुद्रात वाढणारा आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात शिरणारा हिलसा, म्हणजे कोकण किनाऱ्यावरचा पाला, त्यापूर्वी अलाहाबादच्याही वर जात असे. बंधाऱ्यानंतर वरच्या पट्ट्यातील त्याची मासेमारी जवळजवळ संपुष्टात आली. पाणी कितीही शुद्ध केले, तरी वाट बंद असलेला मासा वर येणार नाही. बराकपूरच्या संस्थेने फराक्क्याच्या वरच्या बाजूस हिलसा सोडण्याचे व काही माशांना खुणेच्या चकत्या लावून त्यांचा माग घेण्याचे काम हाती घेतले ते याच कारणाने. म्हणून आपल्या कामाच्या पट्ट्यात अडथळे कोठे आहेत, दारे कोण उघडतो आणि कोणत्या महिन्यात, ही माहिती उमेदवाराजवळ असलीच पाहिजे.

प्रवाहाचेही तसेच. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने गंगेतील किमान पर्यावरणीय प्रवाह निश्चित केला. हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली ऑक्टोबर ते मे या काळात ३६ आणि पावसाळ्यात ५७ घनमीटर प्रतिसेकंद, तर नरोरा येथे अनुक्रमे २४ आणि ४८ घनमीटर प्रतिसेकंद पाणी सोडणे बंधनकारक आहे. हे आकडे पाठ असण्यात विशेष काही नाही. एखाद्या माशाच्या प्रजननासाठी ते पुरेसे आहेत काय, हा प्रश्न विचारता येणे महत्त्वाचे आहे.

नदीत मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम छायाचित्रांत शोभून दिसतो. अर्जातही ‘इतकी लाख बोटुकली सोडली’ हे वाक्य हमखास आढळते. या बाबतीत कावेरीचा अनुभव विसरता येत नाही. तेथे बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर बळावला आणि मूळचा मोठ्या वशिंडाचा महसीर घटत गेला, हे गळाने मासे पकडून पुन्हा सोडून देणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींवरून संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. निळ्या परांची ही जात मुळात आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांची आणि तिच्या कृत्रिम प्रजननाचे लोणावळ्यातील काम देशभर नावाजलेले. संवर्धनाच्याच हेतूने केलेली कृती दुसऱ्या खोऱ्यात घातक ठरू शकते, ती अशी. कावेरीतील मूळ जात २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. तेव्हा सोडलेल्या माशांच्या संख्येपेक्षा ते कोणत्या खोऱ्यातील जनकांपासून मिळविले आणि पुढे किती जगले, याची नोंद अर्जात असणे अधिक मोलाचे.

तिसरा विषय माणसांचा. बिहारमध्ये कहलगाव परिसरातील गंगेवर जमीनदारांचा वंशपरंपरागत जलकर चालत असे. त्याविरुद्ध मच्छीमारांनी १९८२ मध्ये गंगा मुक्ती आंदोलन उभारले आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पारंपरिक मच्छीमारांना मुक्त मासेमारीचा हक्क मिळाला. सुलतानगंज ते कहलगाव हाच पट्टा १९९१ मध्ये विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य म्हणून घोषित झाला. एकाच पाण्यावर झगडून मिळविलेला हक्क आणि कायद्याचे संरक्षण दोन्ही आहेत. अशा ठिकाणी जाळ्यांवर निर्बंध सुचविणाऱ्या व्यवस्थापकाला प्रथम घाटावर बसून ऐकावे लागते. उमेदवाराने मच्छीमार सहकारी संस्थेबरोबर वा ग्रामपंचायतीबरोबर काम केले असेल, तर ते बायोडेटाच्या शेवटी ‘इतर’ या सदरात ढकलू नये, वरच्या बाजूस लिहावे. हिंदीचे कामचलाऊ ज्ञानही येथे पुरत नाही. बोलीभाषा समजून घेण्याची तयारी हवी.

अर्जासोबतचे पत्र एका पानाचे असावे. ‘मला निसर्गाची आवड आहे’ यासारख्या वाक्यांनी निवड समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी एखादे काम घेऊन ते कोठे झाले, किती महिने चालले, किती खर्च आला, माशांची गणना आधी व नंतर कोणत्या पद्धतीने केली आणि काय साधले नाही, हे सरळ लिहावे. न साधलेल्या गोष्टींचा उल्लेख करण्यास उमेदवार कचरतात. वास्तविक त्यानेच नोंदी खऱ्या असल्याचा विश्वास बसतो.

व्यवस्थापकाच्या कामाचा मोठा हिस्सा हिशेबाचा असतो. अनुदानाचे वर्ष मार्चअखेर संपते, उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि हिलसाचे मुख्य स्थलांतर तर पावसाळ्यात असते. निविदा जूनमध्ये निघाली तर नावा, जाळी आणि माणसे हाती येईपर्यंत हंगाम निघून जातो व पूर्ण वर्ष वाया जाते. कामाचा आराखडा मागितला गेल्यास तो माशांच्या दिनदर्शिकेवरून मागे मोजत आणावा आणि खरेदीची प्रक्रिया हिवाळ्यातच सुरू केलेली दाखवावी. मुलाखतीतील हा एक मुद्दाही उमेदवाराला इतरांपासून वेगळा ठरवू शकतो.

निवड झाल्यास रुजू होण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. नियंत्रक अधिकारी कोण, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा गंगा समितीच्या बैठकीस उपस्थित राहण्याचा अधिकार आहे काय, नदीवर काम करताना विमासंरक्षण कोणाचे, आणि प्रकल्पाची मुदत संपल्यानंतर माशांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार व गणना पुढे कोण करणार. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल, तर ते प्रकल्प आराखड्यात समाविष्ट करून घेणे हेच नव्या व्यवस्थापकाचे पहिले काम समजावे.