टीकाकाराचे नाव



आम्ही कामगार चळवळीतले कार्यकर्ते. आमचे शिक्षण कॉलेजात झाले नाही. ते झाले पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा बायबलवरील टीकाग्रंथांचा उल्लेख तळटिपेत कसा करावा, या विषयावर आम्ही बोलणार हे कळताच काही मित्र हसले. हे काम पंडितांचे, तुम्ही त्यात कशाला पडता, असे त्यांचे म्हणणे. परंतु या विषयाशी आमची गाठ पडली ती याच उपनगरात, आणि पडली ती आमच्या कामामुळेच.

अंधेरीला मरोळच्या बाजूस सीप्झचे औद्योगिक क्षेत्र आहे. ते १९७३ साली सुरू झाले. त्याच्या कुंपणाच्या आत एका जुन्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. सेंट जॉन बाप्टिस्टचे हे चर्च जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधले. फाटकाशी पत्रके वाटता वाटता या पडक्या भिंतींविषयी आमच्या मनात कुतूहल उत्पन्न झाले, व वाचनास आरंभ केला. तेव्हा असे आढळले की, त्याच १५७९ साली टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. पुढे त्याने मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आज आपण वाचतो ती मात्र त्या छापखान्यातली प्रत नव्हे. कोणी १९०७ ची मंगळूरची आवृत्ती वाचतो, कोणी १९५६ ची पुण्याची देवनागरी. म्हणून संदर्भात नुसते ‘१६१६’ लिहिणारा आपण न पाहिलेल्या पुस्तकाची साक्ष काढतो. जे पुस्तक हाती घेतले त्याचेच नाव लिहावे, हा आम्हांस मिळालेला पहिला धडा.

दुसरा धडा याहून मोठा. ख्रिस्तपुराण वाचून आम्ही मूळ बायबल उघडले. नाताळच्या देखाव्यात गोठ्याजवळ तीन राजे असतात. गोव्यात बारदेशात ‘रेइश मागुश’ हे चर्च त्यांच्याच नावाचे आहे. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात ते राजे होते असे नाही, आणि ते तीन होते असेही नाही. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, एवढेच तेथे आहे. तीन हा आकडा नजराण्यांवरून पुढे टीकाकारांनी काढला. तसेच आदिमातेने सफरचंद खाल्ले असे सर्वांस ठाऊक आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात मात्र नुसते फळ आहे. टीकाकाराचे बोलणे हळूहळू ग्रंथाच्या तोंडी जाते ते असे. ते तेथून सोडवून ज्याचे त्यास परत देणे, हेच तळटिपेचे खरे काम होय.

मूळ ग्रंथाचा पत्ता देणे तुलनेने सोपे आहे. नव्या कराराचे आज रूढ असलेले वचनांक पॅरिसचा मुद्रक रॉबेर एस्तियेन याने १५५१ साली घातले. पुस्तक, अध्याय व वचन सांगितले की पृष्ठांक लागत नाही. तरीही सावध राहावे लागते. हिब्रू प्रतीत जे तेविसावे स्तोत्र, ते जुन्या लॅटिन प्रतीत बाविसावे आहे. आपल्याकडे गीतेच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचा एक श्लोक काही प्रतींत असतो, काहींत नसतो, व पुढचे सारे आकडे एकाने सरकतात. तसाच हा प्रकार.

टीकाग्रंथाचे तसे नाही. तेथे चार गोष्टी सांगाव्या लागतात: टीकाकार कोण, कोणत्या वचनावर तो बोलतो, आवृत्ती कोणती आणि पृष्ठ कोणते. मॅथ्यू हेन्रीचे सहा खंडांचे भाष्य प्रसिद्ध आहे. परंतु १७१४ साली तो वारला, तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतच त्याचे काम झाले होते. रोमकरांस पत्रापासून पुढचा भाग इतर धर्मोपदेशकांनी पुरा केला. तेव्हा त्या पत्रावरचे मत मॅथ्यू हेन्रीच्या नावे देणे म्हणजे मृताच्या नावाने सही करणे होय. मध्ययुगातील ‘ग्लोसा ऑर्डिनारिया’ ही टीका कित्येक शतके वालाफ्रिड स्ट्राबोच्या नावावर होती. ती बाराव्या शतकातील लाँच्या आन्सेल्मच्या परंपरेतली, असे आता संशोधक मानतात. आधुनिक काळात टीकांच्या मोठमोठ्या माला निघतात व प्रत्येक खंडाचा लेखक निराळा असतो. अशा वेळी ग्रंथसूचीत आधी त्या खंडाच्या लेखकाचे नाव द्यावे, मालेचे नाव मागून. मत माला देत नाही, माणूस देतो.

कोणी विचारील, एवढ्या काटेकोरपणाची गरज काय? आपल्याच घरचे उदाहरण पाहा. निपुत्रिकाच्या वारसांचा क्रम सांगताना याज्ञवल्क्य स्मृतीत ‘पितरौ’ हा शब्द आहे. अर्थ आई आणि बाप. दोघांत आधी कोण? मिताक्षराकार विज्ञानेश्वर म्हणतो, आई. व्यवहारमयूखकार नीलकंठ म्हणतो, बाप. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी मुंबई बेट, गुजरात व उत्तर कोकण येथे मयूखास अग्रमान दिला. शब्द एकच, पण टीकाकार बदलला की मुलाच्या मिळकतीवरील आईचा हक्क मागे पडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आईस पहिल्या वर्गात बसविले, तेव्हा हा भेद मिटला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या तळटिपा चाळाव्यात. स्मृती काय म्हणते व टीकाकार काय म्हणतो, याचा वेगवेगळा हिशेब तेथे मिळतो.

आता आमच्या कामातली एक गोष्ट. १९९० नंतरची. घाटकोपरच्या एका लहान कारखान्यातील मदतनीसास कामावरून कमी केले. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम भरले असते तर त्यास नोटीस व भरपाई दिल्यावाचून काढता येत नव्हते. पगारी रविवार धरले तर दिवस भरत होते, न धरले तर नव्हते. मालकाच्या लेखी निवेदनात लिहिले होते: ‘कायद्याप्रमाणे रविवार धरता येत नाहीत.’ आधार म्हणून खाली एका भाष्यग्रंथाचे नाव होते. आवृत्ती नाही, पृष्ठ नाही. आम्ही कायद्याचे कलम काढले. त्यात असे वाक्य नव्हते. मग ते भाष्य शोधले. वाक्य सापडले, पण जुन्या आवृत्तीत. पगारी रविवार व सुट्या धरल्या पाहिजेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला होता, आणि त्यानंतरच्या आवृत्तीत भाष्यकाराने आपले मत बदलले होते. दोन्ही आवृत्त्या मेजावर ठेवल्यावर तडजोड झाली व तो कामगार पुन्हा कामावर लागला. एका आवृत्तीच्या सालावर त्याच्या घरची चूल अवलंबून होती.

तेव्हापासून बायबल असो, स्मृती असो की कायदा असो, ‘ग्रंथ म्हणतो’ असे कोणी सांगितले की आम्ही तीन प्रश्न विचारतो. ग्रंथ म्हणतो की टीकाकार? कोणता टीकाकार, कोणत्या आवृत्तीत? आणि तुम्ही ते स्वतः वाचले की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलले? उचलले असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही. टीकाकारास त्याचे नाव परत दिले म्हणजे त्याचा मान कमी होत नाही. तो देव राहत नाही, माणूस होतो. आणि माणसाला प्रश्न विचारता येतो.