हार्लेममधील एक संशोधन
१९६१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीं बालगुन्हेगारीच्या प्रश्नासाठीं एक समिति नेमली. तिच्या द्रव्यसाहाय्यानें १९६२ सालीं न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तींत ‘हारयू’ ही संस्था अभ्यासास लागली. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क हे तिचे सूत्रधार. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालांत ज्यांच्या संशोधनाचा उल्लेख झाला, तेच हे क्लार्क.

सरकारी पैशावर बिघडलेल्या मुलांची मोजदाद करून मोकळें होणें सोपें असतें. क्लार्क यांनीं वस्तींतील तरुणांनाच अभ्यासांत सहभागी करून घेतलें. १९६४ च्या अहवालानें दोषाचें मूळ मुलांच्या स्वभावांत न पाहतां निकृष्ट शाळा, बेकारी आणि सत्ताहीनता यांत दाखविलें. मुलांना सुधारावयाचें तर आधीं परिस्थिति पालटा, हें त्याचें सार.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीनें १५ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा ठार झाला आणि हार्लेम पेटलें. अहवालांतील निदान जणूं रस्त्यावरच प्रगट झालें. परंतु उपचाराचीं सूत्रें कोणाच्या हातीं असावींत, या वादांत काँग्रेसचे सभासद ॲडम क्लेटन पॉवेल यांच्याशीं बेबनाव होऊन क्लार्क संस्थेंतून बाहेर पडले. सत्ताहीनतेचा शोध घेणाऱ्यालाच अखेर सत्तेपुढें बाजूस व्हावें लागलें.