मागच्या चाकाची खबर

टायरमध्ये हवा कमी आहे हे कसे ओळखायचे, असा प्रश्न वर्गात विचारून पाहा. उत्तरे पटापट येतील. टायर बसलेला दिसतो. अंगठ्याने दाबला की कळते. सायकल जड चालते. खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज येतो. या सर्व उत्तरांत एक गोष्ट समान आहे. पाहणारा, दाबणारा, ऐकणारा माणूस त्या चाकाच्या अगदी जवळ आहे.

आता अशा चाकाची कल्पना करू, ज्याच्याजवळ कोणीच नाही. अमेरिकेत सुट्टीवर निघालेली अनेक कुटुंबे मोटारीच्या मागे चाकांवरचे घर जोडून नेतात. त्यात झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, गॅसची नळकांडी असे सगळे असते, फक्त इंजिन नसते. यालाच तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याची चाके चालकापासून कित्येक मीटर मागे, दुसऱ्याच वाहनाखाली असतात. आपल्याकडे उसाचे ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर उघडा असतो आणि हळू चालतो. तिकडे मोटारीच्या काचा बंद असतात आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. या मागच्या चाकाची खबर पुढे बसलेल्या माणसापर्यंत कशी पोहोचू लागली, त्याचा हा इतिहास आहे.

वजन कोण उचलते?

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याची पद्धत फार जुनी. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली चाकाभोवती हवेने भरलेली नळी बसवण्याचे पेटंट घेतले. पण ती कल्पना विसरली गेली. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. सात वर्षांनी, १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत ती पंक्चर होऊन वारंवार थांबली, तरी हवेवर मोटार धावू शकते हे लोकांनी पाहिले.

मोटारीचे वजन रबर उचलते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते काम मुख्यतः हवेचे आहे. रबर आणि त्यातील धाग्यांचे थर ही त्या हवेची पिशवी. ट्रेलरच्या टायरचे एक नेहमीचे माप घेऊ. याच मापाच्या टायरला दर चौरस इंचाला ५० पौंड दाबावर ९७५ किलो, ६५ पौंडांवर १,१५० किलो आणि ८० पौंडांवर १,२८५ किलो भार सोसण्याची मर्यादा दिलेली असते. जास्त दाब सोसण्यासाठी टायरची बांधणी अधिक मजबूत करावी लागते. पण माप तेच राहून भार वाढतो तो हवेच्या दाबाबरोबर.

हवा कमी झाली की टायरच्या बाजूच्या भिंती दर फेऱ्याला जास्त वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. वाकवताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही. काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. एखादी तार पुन्हापुन्हा वाकवली की ती गरम लागते, तसेच हे. उष्णतेने थरांमधील पकड सुटू लागते आणि शेवटी टायर फाटतो. हवा कमी होणे आणि टायर फुटणे यांच्यामध्ये बराच वेळ जातो. त्या वेळात कोणाला तरी कळले, तर अपघात टळतो.

एकेक इंद्रिय बाजूला

हवा मोजण्याची साधने लवकर आली. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये वाकड्या नळीचा दाबमापक तयार केला. दाब वाढला की ती नळी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. ऑगस्ट श्रेडर यांच्या व्हॉल्व्हला १८९३ मध्ये पेटंट मिळाले. मधली पिन दाबली की हवा जाते-येते, सोडली की स्प्रिंग तोंड बंद करते. आज जगभरच्या मोटारींच्या टायरला हाच व्हॉल्व्ह असतो. तरीही दाबमापक लावण्यासाठी गाडी थांबवून खाली वाकावे लागे. चालत्या गाडीत माणूस आपल्या इंद्रियांवरच विसंबून होता.

पुढे गाडीत झालेल्या प्रत्येक सुधारणेने यातले एकेक इंद्रिय कमी केले. मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेला रेडियल टायर पुढे सगळीकडे पसरला. पुरेशी हवा असतानाही तो खाली थोडा फुगीर दिसतो, त्यामुळे नुसत्या नजरेने हवा ओळखणे अवघड झाले. १९५१ मध्ये क्रायस्लरने पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत आणले. त्यामुळे हातांना कळणारा जडपणा कमी झाला. ट्रकचालक टायरवर लोखंडी पहार मारून आवाज ऐकतात. त्यातून साफ बसलेला टायर ओळखता येतो, पण वीस टक्के हवा कमी असलेला टायर कानाला फसवतो.

टायरचा दाब चालत्या गाडीत मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९८६ मध्ये पोर्शच्या ९५९ या महागड्या मोटारीत आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टीपीएमएस म्हणतात. १९९७ च्या नव्या कॉर्व्हेट मोटारीत हवा गेली तरी काही अंतर चालणारे, कडक भिंतींचे टायर होते. आपण हवा नसलेल्या टायरवर चाललो आहोत हे चालकाला जाणवणारच नाही, म्हणून तिच्यात दाब सांगणारी यंत्रणा मूळचीच बसवलेली होती. इंद्रिय जिथे निकामी झाले, तिथे यंत्र आले.

दोनशेहून अधिक मृत्यू आणि एक कायदा

ही सोय सर्वांसाठी सक्तीची झाली ती एका दुर्घटनामालिकेमुळे. फोर्ड एक्स्प्लोरर या गाड्यांवरील फायरस्टोन टायरचा वरचा थर वेगात सुटून येई आणि गाडी उलटे. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याकडे या टायरशी संबंधित अडीचशेहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. फोर्डने शिफारस केलेला दाब २६ पौंड होता, टायर कंपनी ३० पौंडांचा आग्रह धरत होती. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. पण कमी हवेत टायर तापतो, यावर वाद नव्हता. १ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत नवा कायदा झाला आणि नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा असावी, असे त्यात ठरले.

यंत्रणा कशी असावी यावर पुन्हा वाद झाला. एक प्रकार अप्रत्यक्ष. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते आणि तेवढ्याच अंतरात थोडे जास्त फिरते. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेत चाकांचा वेग मोजला जातोच, त्यावरून हा फरक काढता येतो. हा प्रकार स्वस्त होता. पण तेव्हाच्या अशा यंत्रणा एका चाकाची तुलना दुसऱ्याशी करत. चारही टायरची हवा हळूहळू सारखीच कमी झाली तर फरकच दिसत नसे. २००२ च्या नियमात एकाच टायरमधली तूट ओळखणारा पर्यायही चालेल असे म्हटले होते. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २००३ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. एप्रिल २००५ चा नियम कडक होता. चारपैकी कितीही टायरमध्ये २५ टक्के तूट आली, तर वीस मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या नव्या मोटारींना तो पूर्णपणे लागू झाला.

कायदा आकड्यापाशी थांबला

या नियमात मोटारी आल्या, हलके ट्रक आले, बस आल्या. ट्रेलर मात्र आले नाहीत. मोटारीची चार चाके पहाऱ्याखाली आली आणि तिच्या मागच्या आकड्याला जोडलेल्या घराची चाके मोकळीच राहिली.

ही घरे काही नवी नव्हती. डेट्रॉइटचे जीवाणूशास्त्रज्ञ आर्थर शर्मन १९३० च्या दशकात ट्रेलर बनवणारे मोठे कारखानदार झाले होते. ॲल्युमिनियमचा चकचकीत एअरस्ट्रीम क्लिपर १९३६ मध्ये आला. तेव्हापासून अडचण तीच आहे. मोठ्या ट्रेलरला सहसा दोन आस आणि चार चाके असतात. एका चाकाची हवा गेली तर त्याचा भार त्याच बाजूचे शेजारचे चाक उचलते. ट्रेलर झुकत नाही, चालकाला काही जाणवत नाही. दुप्पट भार घेतलेले ते दुसरे चाकही तापू लागते. फाटलेल्या टायरची साल चाबकासारखी फिरून मडगार्ड, तळाच्या वायरी आणि नळ्या तोडते. मागून येणाऱ्या एखाद्या मोटारीने हॉर्न वाजवला तरच पुढच्याला कळते.

युरोपीय संघाने २०१९ च्या नियमावलीने साडेतीन टनांवरील ट्रेलरना ही यंत्रणा सक्तीची केली. नव्या रचनांना ती २०२२ पासून आणि सर्व नव्या ट्रेलरना २०२४ पासून लागू झाली. कुटुंबे नेतात ते बहुतेक कॅराव्हॅन याहून हलके असतात. म्हणून तेथेही निर्णय मालकाचाच राहतो.

मालक बाजारातून यंत्रणा आणून बसवतो. प्रत्येक व्हॉल्व्हवर टोपणासारखा एक संवेदक बसतो. अशा संवेदकात बहुधा सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. दाबाने तो वाकला की त्याचा विद्युत रोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुणधर्म चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत दाखवला होता. मिळालेला आकडा रेडिओलहरींनी चालकासमोरच्या पडद्यावर जातो. ट्रेलर लांब असेल तर संदेश पुढे पाठवणारे आणखी एक उपकरण मध्ये लावावे लागते.

दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. टोपणासारखा संवेदक व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतो, म्हणून तो नीट आवळला नाही तर त्यातूनच हवा गळते. आणि चाक फिरताना त्याच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह बाहेर ओढला जातो, म्हणून धातूचा व्हॉल्व्ह बरा.

आकडा दिसला, पण समजला का?

खरी परीक्षा यापुढे आहे. ट्रेलरच्या टायरमध्ये सकाळी २० अंश सेल्सिअसला ६५ पौंड हवा भरली. गाडी धावल्यावर आतली हवा ५० अंश झाली. आता किती दाब दिसेल?

दाबमापक फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. म्हणून आधी वातावरणाचे १४.७ पौंड मिळवू. एकूण ७९.७ झाले. तापमान केल्व्हिनमध्ये २९३ वरून ३२३ झाले. आकारमान जवळजवळ तेच आहे असे धरले, तर दाब केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात वाढतो. ७९.७ × ३२३ ÷ २९३ = ८७.९. त्यातून १४.७ वजा केले की ७३ पौंड उरतात. काहीही बिघडलेले नसताना दाब आठ पौंडांनी वाढला. घाबरून चालकाने हवा सोडून पुन्हा ६५ केली, तर रात्री थंड झाल्यावर टायरमध्ये ५८ पौंडांहूनही कमी हवा उरेल.

आता दुसरे उदाहरण पाहू. शेजारच्या टायरमधली दहा टक्के हवा गळालेली आहे, म्हणजे थंड असता दाब ५८.५ पौंड. वरीलप्रमाणेच गणित केले तर ५० अंशांना तो ६६ पौंड दिसतो. सकाळी भरलेल्या ६५ पेक्षाही एक जास्त! ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच वाजणारा गजर येथे गप्प बसेल. प्रत्यक्षात हा टायर जास्त वाकत असल्याने अधिक तापेल आणि त्याचा आकडा आणखी चांगला दिसेल. गळती उष्णतेच्या आड लपते.

ती उघडी पडते तुलनेने. तीन टायर ७३ दाखवत आहेत आणि चौथा ६६, एवढे चालकाने पाहिले तर पुरे. तापमानाचेही तसेच आहे. व्हॉल्व्हवरच्या संवेदकाला वारा लागतो, म्हणून तो आतल्या रबरापेक्षा कमी तापमान दाखवतो. पण एकच चाक इतरांपेक्षा गरम दिसले, तर तेथे ब्रेक घासत असेल किंवा बेअरिंग खराब झाले असेल, अशी शंका घेता येते. निघण्यापूर्वी थंड टायर दाबमापकाने तपासणे आणि ट्रेलरमध्ये किती वजन भरले आहे हे वजनकाट्यावर पाहणे, ही कामे मात्र कोणताही संवेदक करत नाही.

हे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज घेता येईल. शाळेत येणाऱ्या एखाद्या दुचाकीची हवा सकाळी थंड असताना मोजावी आणि लांबच्या फेरीनंतर पुन्हा मोजावी. आधी मुलांना अंदाज काढू द्यावा. केल्व्हिनऐवजी सेल्सिअस वापरले तर उत्तर किती चुकते आणि वातावरणाचा दाब मिळवायचा राहिला तर किती, हेही पाहावे. मग त्यांना एक प्रश्न द्यावा. अशा यंत्रणेचा गजर तुम्हाला बनवायचा आहे. त्याने प्रत्येक टायरचा दाब एका ठरावीक आकड्याशी ताडून पाहावा, की शेजारच्या टायरशी? चारही टायर सारखेच गळत असतील तर काय कराल?