सिल्व्हिया रॉबिन्सन व रॅपची तबकडी

ध्वनिमुद्रिकेवर गायकाचें नांव ठळक अक्षरांत छापतात, कवीचें बारीक अक्षरांत, आणि निर्मात्याचें छापलेंच तर तें वाचण्यास चांगली दृष्टि लागते. वास्तविक कोणतें गाणें घ्यावयाचें, तें कोणाच्या गळ्यांतून काढावयाचें, साथीला कोणास बसवावयाचें आणि कितव्या प्रयत्नावर समाधान मानावयाचें, हे सारे निर्णय बहुधा निर्माताच करतो. अमेरिकेंतील हिप-हॉप या संगीताचा इतिहास वाचतांना ही गोष्ट आम्हांला वारंवार जाणवली. आणि त्या इतिहासांत जिच्यावांचून तबकड्यांच्या प्रकरणाचें पहिलें पानच उलटत नाहीं, त्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्याविषयीं कांहीं लिहावें असें वाटलें.

बाईंचा जन्म न्यूयॉर्कचा. माहेरचें नांव व्हँडरपूल. शाळेच्या वयांतच 'लिट्ल सिल्व्हिया' या नांवानें त्यांच्या तबकड्या निघूं लागल्या होत्या. पुढें मिकी बेकर या वादकापाशीं त्या गिटार शिकूं लागल्या, आणि या गुरुशिष्यांचें 'लव्ह इज स्ट्रेंज' हें गाणें १९५७ सालीं अमेरिकाभर गाजलें. त्या गाण्यांतील गिटारची सुरावट मुळांत कोणाची, यावरून प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. ही गोष्ट येथें मुद्दाम नमूद करून ठेवतों, कारण हाच प्रश्न बाईंच्या मागें जन्मभर लागून राहिला.

विवाहानंतर पति जो रॉबिन्सन यांच्यासह त्यांनीं न्यू जर्सींतील एंगलवुड गांवीं 'ऑल प्लॅटिनम' ही कंपनी काढली. गाणीं रचणें, गायकांकडून घोटून घेणें, मुद्रणयंत्रापाशीं बसून निवड करणें, हें सारें बाई पाहत. १९७३ मध्यें त्यांनीं रचलेलें 'पिलो टॉक' अल ग्रीन या गायकानें घेतलें नाहीं, तेव्हां तें त्यांनीं स्वतःच गाइलें, व तें फार लोकप्रिय झालें. परंतु त्या दशकाच्या अखेरीस कंपनी कर्जांत व दाव्यांत पुरती बुडाली.

इकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत निराळेंच कांहीं चाललें होतें. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं सेजविक अव्हेन्यूवरील एका चाळवजा इमारतींत बहिणीनें योजलेल्या मेळाव्यांत जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणानें तबकड्या वाजविल्या. हिप-हॉपची जन्मतिथि म्हणून तीच मानतात. ज्या जागीं गायक थांबतो व केवळ ताल उरतो, तेवढाच तुकडा नाचणाऱ्यांना हवा असतो, हें हर्कनें हेरलें होतें. तेव्हां दोन यंत्रांवर दोन तबकड्या ठेवून, एकीवरचा तुकडा संपतांच दुसरीवरचा सुरू करावयाचा, अशी युक्ति त्यानें काढली. त्या तालावर कोणी यमकें जुळवून बोलूं लागलें, दुसरा त्याला उत्तर देऊं लागला, आणि गटागटांत चढाओढ लागली. आपल्याकडील कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्यांनीं ऐकले आहेत त्यांना या ईर्ष्येचें नवल वाटूं नये! मात्र हें तबकडीवर घालावें असें त्या मुलांच्या मनांतही नव्हतें. तास-तास चालणारा प्रकार तबकडीवर बसवावयाचा कसा? मेळाव्यांच्या कॅसेटी तेवढ्या हातोहात फिरत.

१९७९ मध्यें हार्लेममधील एका नृत्यगृहांत वाढदिवसाच्या समारंभाला बाई गेल्या होत्या. लव्हबग स्टार्स्की हा तरुण 'शीक' या मंडळींच्या 'गुड टाइम्स' गाण्यावर बोलत होता, आणि सारा समुदाय त्याला साद देत होता. हें विकलें जाईल, हें बाईंनीं त्याच रात्रीं ओळखलें. मुरलेले रॅप करणारे हातीं लागेनात. तेव्हां त्यांच्या मुलानें एंगलवुडमधील पिझ्झाच्या दुकानांत काम करणारा हँक शोधून काढला. मोटारींतच त्याची परीक्षा झाली, तेथेंच आणखी दोघे येऊन मिळाले, आणि तिघांची 'शुगरहिल गँग' उभी राहिली. नव्या कंपनीचें नांवही 'शुगर हिल'. हार्लेममधील सधन कृष्णवर्णीयांच्या वस्तीवरून घेतलेलें.

मुद्रणाच्या वेळीं बाईंनीं फिरत्या तबकड्या दूर ठेवल्या. 'गुड टाइम्स'चा मंद्र सुरांचा ठेका जिवंत वादकांकडून अखंड वाजवून घेतला व त्यावर तिघांना पाळीपाळीनें बोलविलें. 'रॅपर्स डिलाइट'ची मूळ मोठी तबकडी चौदा मिनिटांहून अधिक चालते. रेडिओवर तीन मिनिटांचीं गाणीं वाजविण्याचा तो काळ होता. फॅटबॅक बँडची रॅप असलेली एक तबकडी कांहीं दिवस आधीं निघाली होती हें खरें; परंतु देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत ३६ व्या स्थानापर्यंत चढून रॅपची वार्ता ब्राँक्सबाहेर नेली ती बाईंच्या तबकडीनेंच.

आतां दुसरी बाजू. हँक हा स्वतः रॅप करणारा नव्हताच. ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्समधील नांवाजलेल्या रॅप करणाऱ्याचें तो व्यवस्थापन पाही. कॅझनें आपली वही त्याला दिली, आणि तींतील ओळी हँकच्या तोंडून तबकडीवर उतरल्या. कॅझला ना श्रेय मिळालें, ना पैसा. याउलट 'शीक'च्या नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स यांनीं आपला ठेका ओळखला, दाव्याचा इशारा दिला, आणि कर्ते म्हणून त्यांचीं नांवें तबकडीवर आलीं. ज्यांच्या मागें कायद्याचें बळ होतें त्यांना न्याय मिळाला. वहींत यमकें लिहिणाऱ्या मुलाला मिळाला नाहीं. धंद्याची घाई, तरुणांचें अज्ञान, हीं कारणें सांगतां येतील. तरी तबकडी खपूं लागल्यावर कॅझचा हिस्सा त्याच्या घरीं पोंचता झाला पाहिजे होता, असें आमचें मत आहे. आणि बाईंविषयींचा आमचा आदर हें मत बदलावयास पुरेसा नाहीं.

आदर आहे तो 'द मेसेज'साठीं. १९८२ पर्यंतचा बहुतेक रॅप नाचण्याबागडण्याचा व आत्मस्तुतीचा. कंपनींतील वादक एड फ्लेचर यानें शहरांतील दारिद्र्याचें व घुसमटीचें वर्णन करणारें गाणें आणलें, तेव्हां ग्रँडमास्टर फ्लॅश व त्याच्या साथीदारांना तें रुचलें नाहीं. नाचावयास आलेल्यांना रडगाणें कोण ऐकविणार? बाईंनीं हट्ट सोडला नाहीं. अखेर साथीदारांपैकीं एकटा मेली मेल तयार झाला. तबकडीवर मुख्य आवाज त्याचा व फ्लेचरचा आहे. नांव मात्र फ्लॅशच्या मंडळींचें छापलें, आणि त्यांतील संगीतांत फ्लॅशचा हात नाहीं! रॅपला गरीब वस्तीचें गाऱ्हाणें मांडतां येतें, हें या तबकडीनें दाखविलें. २०१९ मध्यें 'गली बॉय' चित्रपटामुळें धारावीचा रॅप आपल्या सुशिक्षित घरांत पोंचला, त्याची वंशावळ मागें नेली तर ती येथवर येते.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. मानधनावरून तंटे झाले, १९८३ मध्यें फ्लॅश न्यायालयांत गेला, ताल-यंत्रांवर रुक्ष व कठोर ठेका धरणाऱ्या नव्या मंडळींनीं लोकांची रुचि पालटली, आणि दशकाच्या मध्यास कंपनी मिटली. २००२ मध्यें एंगलवुडचें मुद्रणगृह आगींत जळालें. २९ सप्टेंबर २०११ रोजीं बाई वारल्या. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नें त्यांचा सन्मान केला तो २०२२ मध्यें.

'रॅपर्स डिलाइट' आम्हीं परवां पुन्हां ऐकली. हँकची पाळी येतांच तो ऐटींत आपली ओळख करून देतो व नांवाचें एकेक अक्षर उच्चारून दाखवितो. तीं अक्षरें 'कॅसानोव्हा' अशीं जुळतात. तें टोपणनांव कॅझचें होतें. वहींत होतें तसेंच तें हँकनें म्हटलें.