कानांनीं पाहिलेला खेळ



हॉकीच्या भक्तांचा इतिहास सांगावयाचा झाल्यास त्याचा आरंभ मैदानापासून न करितां रेडिओपासून करावा लागेल. कॅनडांत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. १९२३ सालीं टोरोंटो येथें फॉस्टर ह्यूइट या तरुण वार्ताहरानें टेलिफोनमधून त्या खेळाचें धांवतें वर्णन केलें, आणि पुढें हिंवाळ्यांतील शनिवारची रात्र हें त्या देशाचें व्रतच होऊन बसलें. २८ सप्टेंबर १९७२ रोजीं मॉस्को येथें सोव्हिएत संघाविरुद्धचा शेवटचा सामना संपण्यास अवघे ३४ सेकंद उरले असतां पॉल हेंडरसननें विजयी गोल केला. तो सामना मुलांना पाहतां यावा म्हणून कॅनडांतील कित्येक शाळांनीं वर्ग थांबविले होते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत बर्फ कोठला! येथें काळी माती, पऱ्हाटी आणि मार्चमध्येंच तापणारें ऊन. तरीहि त्या मुलांचें वेड मला परकें वाटत नाहीं; कारण तसा एक दिवस आम्हींहि अनुभविला आहे.

तें १९७५ साल. मॅट्रिकची परीक्षा माझ्या डोक्यावर, आणि क्वालालंपूर येथें हॉकीचा विश्वचषक! उपान्त्य सामन्यांत मलेशियानें आपल्यावर आघाडी घेतलेली, वेळ संपत आलेली. अशा वेळीं राखीव खेळाडूंतून उतरलेल्या भोपाळच्या अस्लम शेर खाननें पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली, आणि जादा वेळांत हरचरणसिंगनें सामना जिंकून दिला. १५ मार्चला अंतिम सामना पाकिस्तानशीं. पहिला गोल त्यांचा. उत्तरार्धांत सुरजितसिंगनें बरोबरी केली. मग मेजर ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांचा फटका खांबाला आंतून लागून परतला. गोल झाला कीं नाहीं? पंचांनीं तो दिला. पाकिस्तानी खेळाडूंनीं हरकत घेतली, पण निर्णय कायम राहिला. आकाशवाणीवर जसदेवसिंगांचा आवाज, रेडिओला कान लावून बसलेले वडील, आणि माझ्या मांडीवर उघडें पडलेलें बीजगणित! आपण २-१ नें जिंकलों. त्या रात्रीं अभ्यासाविषयीं वडील कांहीं बोलले नाहींत.

पुढच्याच वर्षीं माँट्रियल ऑलिंपिकमध्यें गवत जाऊन कृत्रिम मैदान आलें. तेथें मनगटाच्या कसबापेक्षां वेग आणि दम श्रेष्ठ ठरला, आणि आपण सातवे आलों. अशीं मैदानें खर्चाचीं. खेड्यांतील मुलांस तीं कोठून मिळणार? १९८० च्या मॉस्कोच्या सुवर्णपदकानंतर पुढील ऑलिंपिक पदक २०२१ मध्यें, टोकिओ येथें, जर्मनीला ५-४ नें हरवून मिळालें. मधें ४१ वर्षें गेलीं.

या ऱ्हासाचा दोष मीं पुष्कळ वर्षें कृत्रिम गवतावर लादला. मग लडाखची हकीकत वाचनांत आली. तेथील मुलेंमुली हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांवर हॉकी खेळतात. भारताच्या बर्फ-हॉकी संघांतील बहुतेक खेळाडू तिकडचेच. भूमीनें जें दिलें त्यावर त्यांनीं खेळ उभा केला.

मला भूमीनें शाळेमागचें सपाट पटांगण दिलें होतें. प्रत्येक वर्गाला मीं अशोककुमारांचा तो गोल फळ्यावर आंखून दाखविला. परंतु एकाहि मुलाच्या हातीं स्टिक दिली नाहीं. माझी भक्ति कानांपुरतीच राहिली. श्रोत्यांपैकीं जे शिक्षक असतील, त्यांनीं ही चूक करूं नये, एवढीच विनंति.