दहा घरांचा आकडा

आपल्या पंचांगात संवत्सरांची नावे साठच. साठ वर्षे सरली की पुन्हा ‘प्रभव’. म्हणून जुन्या कागदावर नुसते संवत्सर असेल तर साल नक्की होत नाही; शेजारी शक लागतो.

अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचेही तसेच झाले. त्यांची आठवड्यांची मोजणी ६ जानेवारी १९८० रोजी सुरू झाली. संदेशात जागा मोजकी, म्हणून आठवड्याच्या आकड्याला शून्य-एकाची दहाच घरे दिली. उणे चिन्ह नाही. ० ते १०२३ एवढेच मावते. पुढे पुन्हा शून्य! २२ ऑगस्ट १९९९ आणि ७ एप्रिल २०१९ रोजी असे घडले. दुसऱ्या खेपेस न्यूयॉर्क शहराचे बिनतारी जाळे काही दिवस बंद पडले.

चूक कुठे होते ते पाहा. आठवडा १०२० गेला, आता ३ आला. सरळ वजाबाकी केली तर उणे १०१७. त्यात १०२४ मिळवा, खरे उत्तर ७. फेरी कितवी, हे मात्र यंत्रानेच लक्षात ठेवायचे. तोच त्याचा शक.

नव्या संदेशात तेरा घरे आहेत. ती सुमारे १५७ वर्षे पुरतील. मर्यादा गेली नाही, लांबली एवढेच. गुरुजी, मुलांना आकडा शिकवाल तेव्हा त्याचे घर केवढे, हेही विचारायला शिकवा.