मदतीला धावणाऱ्याने आधी काय पाहावे?

रस्त्यावर अपघात दिसला की आपण थेट जखमीकडे धावतो. प्रथमोपचाराचा पहिला नियम मात्र वेगळा आहे: आधी जागा सुरक्षित करा. हा नियम महामार्गावर कसा पाळायचा, हे शिकायला मदतनीसांचेच जीव जावे लागले.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात आग विझवण्याचे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. घटनास्थळी वाहतूक वळवणाऱ्या स्वयंसेवकांना तिथे ‘फायर पोलीस’ म्हणतात. त्यांच्यासाठी १९४१ सालीच कायदा झाला होता. तरीही मार्च १९९८ मध्ये तिथल्या टर्नपाइक महामार्गावर अपघातस्थळी काम करणाऱ्या लायनव्हिलच्या पथकावर मालट्रक आदळला. एक जण दगावला, अनेक जखमी झाले.

त्यानंतर कंबरलँड व्हॅली भागातील स्वयंसेवक अग्निशामकांच्या संघटनेने हा प्रश्न हाती घेतला आणि १९९९ मध्ये अहवाल काढून प्रशिक्षणाचा आग्रह धरला. केंद्राचा निधी मिळणाऱ्या महामार्गांवर २००८ पासून चमकणारे जाकीट सक्तीचे झाले. २०१२ पासून पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि टोइंगवाले यांना एकत्र शिकवणारा राष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू झाला.

त्यात काय शिकवतात? मोठी गाडी तिरकी उभी करून मागे काम करणाऱ्यांना आडोसा द्यायचा. शंकू बरेच आधीपासून तिरक्या रेषेत मांडायचे. येणाऱ्या वाहनांकडे पाठ करायची नाही. कारण साधे आहे: ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती तीसएक मीटर पुढे आलेली असते.

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले. २०२१ मध्ये महाराष्ट्र महामार्ग पोलिसांनी ‘मृत्युंजय दूत’ योजना आणली; महामार्गालगतचे गावकरी, धाबे व पेट्रोल पंपांवरील कर्मचारी जखमींना सांभाळायला शिकू लागले. पोलिसांच्या चौकशीची भीती कायद्याने कमी होईल, पण मागून येणाऱ्या ट्रकपासून कायदा वाचवत नाही. त्यासाठी वाहतूक आवरण्याचे शिक्षणही तितकेच हवे.

तोवर तुम्ही एवढे करा. गाडी कडेला घेऊन चारही इंडिकेटर लावा. परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवा. एकाने फक्त येणाऱ्या वाहनांवर नजर ठेवावी, तीही कठड्यापलीकडे उभे राहून. १०८ किंवा ११२ ला फोन करा. जखमीजवळ जायचे ते त्यानंतर.